एक मुक्काम आधी

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांवर मी एके काळी फार चिडायचे. मनातल्या मनात नव्हे, चांगली चारचौघांत आणि लेखी चिडायचे. मला आवडलेल्या एका गेमचा दुसरा भाग येणार अशी घोषणा झाली, तेव्हा मी पुण्यात नवीनच नोकरीला लागले होते. मिनिटभराचा व्हिडिओ होता. त्यात धुकं, डोंगर आणि शेवटी नाव. मी तो दिवसातून तीनदा बघायचे. पुढे माझ्या दोन नोकऱ्या झाल्या, तीन खोल्या बदलून झाल्या, बरोबरच्या मैत्रिणींची लेकरं शाळेत जायला लागली, आणि गेम काही आला नाही. मधूनच कंपनी एक पत्रक काढायची की दर्जाशी तडजोड नको म्हणून आम्ही थोडा वेळ घेत आहोत. त्या पत्रकाखाली मी जे लिहायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. एका कन्सोलचं तर नुसतं नावच जाहीर झालं होतं. यंत्र कसं दिसतं ते नाही, किंमत नाही, महिना नाही. लग्नाचा पत्ता नाही आणि बारशाचं आमंत्रण आलं, असं मी त्याखाली लिहिलं आणि बऱ्याच लोकांना ते आवडलं.

पुण्यात मी एका गेम कंपनीतच गेम तपासायचं काम करायचे. दिवसभर त्याच त्या भिंतीला धडका मारायच्या, कुठून आरपार जाता येतं ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. त्यामुळे गेम बनायला किती वेळ लागतो आणि ठरवलेल्या तारखा कशा घसरतात हे मला चांगलं ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत जाहिरात विभागातला एक जण सांगायचा की आधी सांगितल्याशिवाय कोणी वाट बघत नाही, आणि वाट बघणारं कोणी नसेल तर गेम आला काय नि न आला काय. मी म्हणायचे, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत आहे तुमची. माझा नियम पक्का होता. सगळं बनवून, तपासून झालं, आता फक्त बाजारात सोडायचं राहिलं, की मग तोंड उघडायचं. फार तर सहा महिने आधी. त्याच्या आधी बोलणारा माणूस एकतर मूर्ख नाहीतर लबाड, असं माझं मत होतं. मी यांपैकी कोण, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

मग कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी होते. सेनगावला आई-वडिलांच्या घरी मागची खोली मोकळी होती, तिथे मी माझा संगणक मांडला. बत्तीस वर्षांची, बिनलग्नाची पोरगी दोन बॅगा आणि एक मोठं खोकं घेऊन परत आली की गाव काही एकदम विचारत नाही, नोकरी गेली का म्हणून. गाव विचारतं, किती दिवस सुट्टी? मी पहिल्या महिन्यात म्हणाले, घरून काम आहे. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, स्वतःचं काहीतरी करतेय. ते काहीतरी म्हणजे काय, हे सांगायची वेळ आली तेव्हा मला मामाची मेंढरं आठवली.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. त्याचं गाव सेनगावपासून जीपने अर्ध्या तासावर, साखऱ्याच्या बाजूला. घरची थोडी कोरडवाहू जमीन आणि बाकी सगळा जीव मेंढरांत. दिवाळी झाली, शेतं मोकळी झाली की तो कळप घेऊन निघायचा आणि मृगाच्या आत परत यायचा. वाटेत ज्याच्या शेतात मेंढरं बसतील त्याच्या जमिनीला लेंडीखत मिळायचं आणि मामाला धान्य. माझ्या गेममध्ये एवढंच होतं. खेळणाऱ्याने पन्नास मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचं, पाणी शोधायचं, लांडग्यापासून सांभाळायचं, आणि ज्याला शब्द दिला त्याच्या शेतात वेळेवर पोचायचं. मारामारी नाही, बंदूक नाही. मला वाटायचं, आपण काहीतरी नवं करतोय.

सगळं ज्ञान मामाचं होतं. मी वही घेऊन त्याच्यामागे हिंडायचे. मेंढरं पाण्यावर न्यायची हाळी वेगळी, वळवायची वेगळी, एकत्र गोळा करायची वेगळी. ती रेकॉर्ड करायला मी त्याला सेनगावला माझ्या खोलीत आणलं, पंखा बंद केला, दार लावलं. मामा खुर्चीच्या टोकावर बसला आणि त्याच्या तोंडून आवाजच निघेना. दोनदा खाकरला, पाणी प्याला, शेवटी म्हणाला, समोर जनावर नाही तर हाळी कोणाला देऊ. मग मी फोन घेऊन त्याच्या कळपामागे गेले, आणि तिथे त्याने असा आवाज लावला की दोन शेतं पलीकडची बाईसुद्धा वळून बघायला लागली. तो आवाज पहिल्याच दिवशी, पहिल्याच वेळी उत्तम आला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आणखी एक गोष्ट मी त्याच वेळी वहीत लिहिली. मामा पुढच्या शेतकऱ्याला निरोप धाडायचा तो एक मुक्काम आधी. मेंढरं शेजारच्या गावात आली, की मग पुढच्याला सांगायचं, उद्या येतो. मी म्हटलं, आता फोन आहे, महिनाभर आधी का नाही सांगत?

"आधी काहून सांगायचं?" मामा म्हणाला. "वाटंत एखादं आजारी पडलं, नाल्याचं पाणी आटलं, तर त्यो माणूस शेत मोकळं ठिऊन बसंल की. एक मुक्काम आधी सांगितलं की बराबर पाळता येतं."

मला ते इतकं आवडलं की मी ते गेममध्येच घातलं. लवकर शब्द दिला आणि पोचला नाहीत, तर त्या गावाचा तुमच्यावरचा भरवसा कमी होतो. तीनदा असं झालं की त्या गावात तुम्हाला कोणी शेत देत नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मला तेव्हाही पाठ होती, पण ती आपल्याला लागू पडायला आपण पाषाण आहोत हे आधी कळावं लागतं.

मामाच्या गावात सप्ताह होता. काल्याच्या दिवशी गावच्या लेकीबाळींचा सत्कार करायची तिथे पद्धत आहे. कोणाची पोलिसात निवड झालेली असते, कोणी नर्स झालेली असते. त्या वर्षी मामाने माझंही नाव दिलं. मी नको म्हणायला हवं होतं. उलट मी चांगली साडी नेसून गेले. शाल झाली, नारळ झाला, आणि कोणीतरी माझ्या हातात माईक दिला. समोर चारशे-पाचशे माणसं जेवणाच्या पंगतीची वाट बघत बसलेली, आणि पुढच्या रांगेत मामा, स्वच्छ धुतलेला फेटा बांधून. मी म्हणाले की मी गेम बनवते आहे. कोणाला विशेष काही वाटलं नाही. मी म्हणाले की तो आपल्या मेंढरांचा गेम आहे आणि त्यात मामाचा आवाज आहे. आता माना वर झाल्या. मग मी म्हणाले, "येत्या दिवाळीला येतोय. सगळ्यांच्या मोबाईलवर."

टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. त्या वेळी माझ्या संगणकात दोन शेतं होती आणि एक मेंढरू, तेही मध्येच उलटं चालायचं.

मी असं का बोलले, याची बरीच कारणं मी स्वतःला सांगून पाहिली आहेत. जाहिरात विभागातल्या त्या माणसाचंच म्हणणं खरं होतं, तारीख ठरवली की काम होतं, वगैरे. पण खरं कारण सोपं आहे. दिवाळीला गेम येणार म्हटल्यावर, किती दिवस सुट्टी, या प्रश्नाला उत्तर मिळत होतं. मी परत आलेली नव्हते, मी काहीतरी करायला आले होते. ते ऐकणाऱ्या माणसांच्या तोंडावर मला दिसलं, आणि ते मला हवं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, त्याचं लग्न निदान ठरलेलं तरी असतं.

पुढचं सगळं आपोआप झालं. माझा मामेभाऊ सेनगाव-हिंगोली रस्त्यावर जीप चालवतो. त्याने जीप थांब्याजवळ मोठा बोर्ड लावला. मध्ये मामा मेंढरू खांद्यावर घेऊन, बाजूला माझा फोटो, वर माझं अभिनंदन आणि खाली लाल अक्षरात, दिवाळीला येतोय. मी चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओही केला. त्यातला एकही भाग गेममधला नव्हता. मी चित्रं काढून ती हलवली होती आणि वर मामाची हाळी घातली होती. धुकं नव्हतं, एवढाच काय तो फरक. तो व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला. सेनगावात मला लोक थांबवून विचारायला लागले, आणि मी दर वेळी म्हणायचे, दिवाळीला.

दिवाळी आली. मेंढरं आता सरळ चालत होती, पण पाण्यात शिरली की गायब व्हायची, आणि चौथं गाव उघडलं की सगळंच बंद पडायचं. नरक चतुर्दशीला मी एक पत्रक लिहिलं. दर्जाशी तडजोड नको म्हणून आम्ही थोडा वेळ घेत आहोत. आम्ही म्हणजे मी एकटी. लिहून झाल्यावर मी ते वाचलं, मला ते वाक्य कुठलं आहे हे आठवलं, आणि तरी मी ते तसंच पाठवलं. खाली नवी तारीख टाकली, गुढीपाडवा.

मामाला मी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बराबर हाय, माय. चांगलं व्हायला टाइम लागतो." आणि त्यानंतर त्याने मला गेमबद्दल कधीही एक शब्द विचारला नाही. मला ते बरंच वाटलं. मला वाटलं, म्हातारा विसरला.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, हे इथे सांगायला हवं. मी पाच वर्षांची असतानाही मामा घरी आला की आधी वाकून माझ्या पायाला हात लावायचा, आणि मी ऐटीत उभी राहायचे. भाचीला उणं बोलायचं नाही. तिने शब्द दिला की तो खाली पडू द्यायचा नाही, आणि कधी पूर्ण करते म्हणून तिला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. ते तगादा लावल्यासारखं होतं. माझ्या वयाच्या पोरी याला हसतात, मीही हसायचे. पण मामा हसत नव्हता. मी सप्ताहात जे बोलले ते त्याच्या लेखी एखाद्या पोरीने माईकवर मारलेली बढाई नव्हती. तो भाचीचा शब्द होता.

पाडवा गेला. या वेळी मी तारीख टाकली नाही, लवकरच असं लिहिलं. कंपन्यांच्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

वैशाखात मामेभावाचा फोन आला. मामा मेंढरं घेऊन पुसेगावच्या बाजूला होता, नाल्याच्या काठावरून उतरताना त्याचा गुडघा दुमडला आणि तो दगडावर पडला. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याला नांदेडला नेलं, ऑपरेशन झालं. मी तिसऱ्या दिवशी गेले. मामा पलंगावर पडल्या पडल्या हात लांब करून माझ्या पायाकडे नेऊ लागला. हात पोचेना. मी मागे सरायच्या ऐवजी पुढे झाले, त्याला बरं वाटावं म्हणून, आणि त्याने माझ्या साडीच्या काठाला बोटं लावून ती कपाळाला लावली. जेवलीस का, एवढंच त्याने विचारलं.

बाहेर व्हरांड्यात मामेभावाने मला चहा आणून दिला. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, माझ्याशी कधी वर मान करून बोललेला नाही. त्या दिवशी मात्र माझ्याकडे न बघता त्याने सगळं सांगितलं. मामाचा गुडघा तीन वर्षांपासून गेलेला होता. मागच्या वर्षीच मृगाआधी मेंढरं विकायची ठरली होती, गिऱ्हाईक बघून झालं होतं, मामाने हो म्हटलं होतं. मग सप्ताह झाला.

"आबा म्हणले, दिवाळीपस्तोर थांबू," मामेभाऊ वडिलांबद्दल म्हणाला. "गेम आला की लोक येतील, म्हणतील दावा मेंढरं. गेममधी मी मेंढरं हाकतो अन् घरी बाजंवर बसलोय, हे बरं दिसंल का? पोरीचं खोटं पडंल. मंग पाडवा म्हणले. मी म्हणलं, ताईला इचारतो एकदा. तर म्हणले, खबरदार इचारलं तर."

चहा गार झाला तो तसाच प्याले. मी जी दिवाळी तोंडातून सहज काढली होती ती एका म्हाताऱ्याने मोडक्या गुडघ्यावर एक अख्खं वर्ष चालून पाळली होती. आणि मला वाटलं होतं, विसरला.

मेंढरं विकली ती मामा दवाखान्यात असतानाच. मामी आणि मामेभाऊ दोघांनी मिळून ठरवलं, कारण ती एका दिवसासाठीही सांभाळायला कोणी नव्हतं. मामाला ती जाताना दिसली नाहीत. मामी म्हणाली, तेच बरं झालं. मला ते बरं झालं असं वाटत नाही, पण मी कोण ठरवणार?

पावसाळाभर मी मामाकडे जायचं टाळलं. काम आहे म्हणायचे. काम होतंही, मी आता जास्तच काम करत होते, जणू गेम पूर्ण झाला की हाड जुळेल. जीप थांब्याजवळचा बोर्ड तोपर्यंत उतरला होता. एकदा पुसेगावकडे जाताना तो मला एका आखाड्यावर, शेतातल्या घरापाशी, दिसला. कोणीतरी कडब्याच्या गंजीवर पावसाचं झाकण म्हणून टाकला होता, माझं तोंड वर आणि चारी कोपऱ्यांना दगड. जीपमधल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, गंजीकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. मलाही हसू आलं. त्या बोर्डाचा तेवढा तरी कोणाला उपयोग झाला.

मग सोयाबीन काढणीच्या थोडं आधी, सेनगावच्या बाजारात मला एक शेतकरी भेटला. पन्नाशीचा, हातात कोथिंबिरीची जुडी. तो साखऱ्याचा होता, त्याच्या शेतात मामाची मेंढरं दर वर्षी बसायची. त्याने मला बोर्डावरच्या फोटोवरून ओळखलं. मला वाटलं, आता हाही विचारणार, कधी येतोय. मी उत्तर तयार ठेवलं. त्याने वेगळंच विचारलं.

"मामाचा आवाज उठला का आता बराबर?" तो म्हणाला. "त्यानं सांगितलं व्हतं आमाला. पोरीचं काम कवाच झालंय म्हणे, माझाच गळा साथ देईना. मशीनपुढं बसलो की आवाज निघत न्हाई. ती बिचारी माझ्यापायी थांबून राहिली म्हणे."

मला आधी कळेचना. मग कळलं. त्या मोसमात मामा गावोगाव जिथे उतरला, तिथे लोकांनी त्याला विचारलं असणार, गेम कुठाय तुझा? कोणी चेष्टेने विचारलं असेल, कोणी खरंच. आणि त्याने प्रत्येक गावात सांगितलं होतं की दोष त्याचा आहे. ज्या आवाजाला दोन शेतं पलीकडून बाई वळून बघायची, तो आवाज बिघडलाय असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि तेही ज्या लोकांनी तो वर्षानुवर्षं ऐकलाय त्यांना.

आता मी जे लिहिणार आहे त्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. तारखा चुकल्याची नाही, पत्रकाची नाही, त्या खोट्या व्हिडिओचीही नाही. तो शेतकरी माझ्या उत्तराची वाट बघत होता. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "व्हय. आता बरा हाय आवाज."

तो म्हणाला, चांगलं झालं, आणि गेला. मी भाजी घेतली, घरी आले, जेवले. दोन दिवस मी स्वतःला समजावत राहिले की त्यात काय मोठंसं, मामानेच तर सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी आईने ताटात भाकरी वाढता वाढता विचारलं, मामाकडं काहून जाऊन न्हाई राहिली? मी ताटावरून उठले आणि मिळेल त्या जीपने निघाले.

मामा अंगणात बाजेवर बसला होता, काठी शेजारी. मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाडग्यात मामीने भेंडी लावली होती. वर्षानुवर्षांच्या लेंडीवर ती माणसाच्या उंचीची झाली होती. मामा काठी धरून उठायला लागला, मी त्याला उठू दिलं नाही. खाली जमिनीवर बसले, म्हणजे त्याला पायापर्यंत पोचताच येऊ नये. आणि सांगून टाकलं. गेम तयार नाही. कधी होईल ठाऊक नाही. सप्ताहात बोलले तेव्हा तर काहीच नव्हतं, दोन शेतं होती आणि एक मेंढरू, ते पण उलटं चालायचं.

"उलटं काहून?" मामाने विचारलं.

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, चूक होती, आता सुधारली. मग मी म्हटलं की बाजारात साखऱ्याचा माणूस भेटला होता, आणि मी त्याला काय म्हणाले तेही सांगितलं. हे सांगताना मला रडू आलं. मामाने मला गप्प केलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. त्याने तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, "मामा, आता लोकायला खरं सांगा. सांगा, भाची खोटं बोलली."

"ते मला सांगता येत न्हाई, माय," मामा म्हणाला. "ते तुलाच सांगावं लागंल."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखादं काम कोणाच्या वाटणीचं आहे हे सांगावं तसं त्याने सांगितलं. मग म्हणाला, लिहून घे, आणि गावं सांगायला लागला. ज्या वाटेने तो जायचा त्याच क्रमाने. अकरा गावं. प्रत्येक गावात कोणाकडे जायचं, जीपमधून कुठे उतरायचं, घर मारुतीच्या मागे की पाण्याच्या टाकीजवळ, कोणाला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने बोलायचं. साखऱ्याच्या माणसाकडं सकाळीच जा, म्हणाला, मागून तो शेतात जातो. सांगताना दोनदा थांबला आणि त्या गावातल्या पाण्याबद्दलच बोलत राहिला. मामीने मध्येच म्हटलं, पुरे झालं, पोरीला जेवू द्या. त्याने हाताने तिला थांबवलं आणि अकरावं गाव सांगितलं.

आतापर्यंत माझी चार गावं झाली आहेत. मी जाते, कोण ते सांगते, आणि म्हणते की मामाचा आवाज पहिल्या दिवसापासून चांगला होता, गेम माझ्याकडूनच झालेला नव्हता, आणि अजून झालेला नाही. मला वाटलं होतं लोक हसतील, निदान टोमणा तरी मारतील. तसं काही झालं नाही. चारही घरी लोकांनी चहा केला. गेम कधी येणार हे एकानेही विचारलं नाही. मला कळलं की ती तारीख माझ्याशिवाय आणि मामाशिवाय कोणी मनावर घेतलीच नव्हती.

त्यांनी विचारलं ते निराळंच. सोयाबीन निघालंय, शेत मोकळं झालंय, मामा न्हाई तर यंदा मेंढरं घेऊन कोण येणार? साखऱ्याच्या माणसाने तर धुऱ्याकडचा, बांधालगतचा पट्टा राखून ठेवला होता, तो मला दाखवायला घेऊन गेला. दर वर्षी मामाचा निरोप येतो तेव्हा तो पट्टा मोकळाच असतो, म्हणाला. मी तिथे उभी राहिले, आणि त्याला म्हणाले की मेंढरं विकली, आता कोणी येणार नाही, तुम्ही पेरून घ्या.